एका आठवड्याचा सातबारा

विक्रेत्याने आधी कॉफी दिली,
वेलदोडा घातलेला गोड पाव दिला,
मग भिंतीवरच्या बावन्न चौकोनांतल्या एकावर
बोट ठेवून म्हणाला,
"आठवडा तिसावा. तुमचा. कायमचा."

आमच्या फिनलंडात उन्हाळा तारखांनी नाही,
आठवड्यांच्या आकड्यांनी ओळखतात.
अठ्ठाविसाव्यात डास,
बत्तिसाव्यात संध्याकाळी स्वेटर,
तिसावा म्हणजे सोनं:
तळ्याचं पाणी अंगाला बोचत नाही
आणि रात्री अकराला पुस्तक वाचता येतं, दिव्याशिवाय.

यार्मो माझ्याकडे बघत नव्हता.
म्हणजे त्याला हवं होतं.
तांपेरेत मी ट्राम चालवते,
कोण उतरणार ते मला
दाराकडे न बघणाऱ्यांवरून कळतं.

"भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा,"
लिंडरूस म्हणाला. फार गोड माणूस, दात एकसारखे.
"हा मात्र तुमच्यानंतर मुलांना."
पिहला, वय पंधरा, कानात बोंडं,
मान वर न करता म्हणाली, "मला नको."

मला हिल्का मावशी आठवली.
तिने तीस वर्षांपूर्वी सत्तेचाळिसावा घेतला,
स्वस्त होता म्हणून.
नोव्हेंबर! दुपारी तीनला अंधार.
विकायला काढला, गिऱ्हाईक नाही.
चर्चला फुकट देऊ केला,
पाद्र्याने नम्रपणे नकार दिला.
देखभालीचं बिल मात्र दर जानेवारीला,
न चुकता, जावयासारखं.
म्हणून ती जाते. एकटी.
खिडकीत बसून तळं बघते,
जे धड गोठलेलं नसतं, धड पाणीही नसतं.
का जातेस, विचारलं तर म्हणते,
"पैसे भरलेत ना."

यार्मोने माहितीपत्रकाच्या पाठीवर आकडे मांडले.
किंमत, वरचा खर्च, वीस वर्षं.
दुसऱ्या बाजूला भाडं, वीस वर्षं.
आणि मग भाड्याच्या बाजूला
खूप वेळ काहीच लिहिलं नाही.

कारण सोळा वर्षं आमचं भाडं म्हणजे ओइवा.
करार नाही, पावती नाही.
जानेवारीत त्याचा फोन: "येणार ना?"
"येणार." ठेवला.
धुरकटणारी चूल, लांबवरचा संडास,
गळकी होडी, आणि तिच्यात
पाणी उपसायला जॅमचा एक डबा.

यंदा फोन आला तो फेब्रुवारीत, त्याच्या सुनेचा.
म्हातारा शरदात पायरीवर पडला,
आता वृद्धाश्रमात आहे, माणसं ओळखतो, दिवस नाही.
घराला रंग देणार, इंटरनेट घेणार,
आठवड्याला तिप्पट.
तुम्ही जुने, तुम्हाला दहा टक्के सूट.

"विचार करतो," असं लिंडरूसला सांगितलं.
त्याने पेन भेट दिलं.

परतताना यार्मोने न बोलता हमरस्ता सोडला.
मे अखेर, ओइवाच्या अंगणात गवत गुडघ्याला.
पडवीत आमचे रबरी बूट तसेच रांगेत,
चार जोड, त्यातले दोन आता कुणाच्याच मापाचे नाहीत.
पिहलाने कानातली बोंडं काढली,
छोट्या लाल बुटात पाय घालून पाहिला,
टाच बाहेर राहिली.
"हे इथेच होते?" एवढंच म्हणाली.

होडी कुणी बाहेर काढलीच नव्हती.
हिवाळाभर बर्फात राहून
तिची एक फळी उकलली होती.
मी खाली उतरले,
डबा घेतला, उपसू लागले.
जेवढं काढावं तेवढं खालून येत होतं,
मला ते दिसत होतं, तरीही.
यार्मो काठावर उभा,
हातात घडी केलेलं माहितीपत्रक,
गाडीची किल्ली दुसऱ्या हातात.
"मार्युत," तो म्हणाला, "होडी आपली नाही."

"माहीत आहे," म्हटलं,
आणि आणखी थोडं उपसून
डबा होता तिथेच ठेवला.